‘द_कंटेंट’वर फिल्टर लावला की लेखच गायब होतो

इतवारीवाला:
कळमन्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याची वर्डप्रेस साइट आहे. प्रत्येक लेखाखाली ‘भाव रोज बदलतात, फोन करून विचारा’ ही ओळ हवी. चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर बसवलेल्या आपल्या थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये अ‍ॅड_फिल्टरने ‘द_कंटेंट’ला (लेखाचा मजकूर ज्यातून जातो तो फिल्टर) फंक्शन जोडलं, त्यात ओळ एको केली, म्हणजे थेट छापली. ओळ दिसते, पण लेख गायब! काय चुकून राहिलं?

धंतोलीकर:
भाऊ, फिल्टरमध्ये एको करायचंच नाही. अ‍ॅक्शनमध्ये (ठरलेल्या क्षणी नुसतं काम करून घेणाऱ्या जोडणीत) चालतं, कारण तिथे फंक्शन काय परत देतं ते कोणी पाहत नाही. फिल्टर तुमच्या हाती मजकूर देतो आणि बदललेला मजकूर परत मागतो. तुमच्या फंक्शनमध्ये रिटर्नच नाही, म्हणून पीएचपी (वर्डप्रेसची भाषा) नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देतं आणि लेखाच्या जागी तेच रिकामं छापलं जातं. फंक्शनच्या कंसात $मजकूर घ्या, त्याच्या शेवटी टिंबाने ओळ जोडा आणि सगळं रिटर्न करा. (ब्लॉक थीम, म्हणजे अख्खं पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांनी रचणारी, असती तर एको केलेली ओळ पानाच्या पार माथ्यावर गेली असती.)

इतवारीवाला:
जमलं! पण मुखपृष्ठावर काही छोट्या लेखांच्या सारांशातही ओळ येते, मोठ्यांच्या नाही. असं का?

सक्करदरा_कोड:
सारांश हाताने लिहिलेला नसला की वर्डप्रेस अख्खा लेख ‘द_कंटेंट’मधून काढतं आणि पहिले ५५ शब्द ठेवतं. लेख छोटा असेल तर तुमची ओळही त्या ५५ शब्दांत बसते. म्हणून सुरुवातीलाच तपासा: इज_सिंग्युलर (एकाच लेखाचं पान आहे का), इन_द_लूप (लेख छापणारी फेरी चालू आहे का) आणि इज_मेन_क्वेरी (पानाची मुख्य क्वेरी आहे का). तिन्ही खरे नसतील तर $मजकूर जसाच्या तसा परत द्या. नुसतं रिटर्न लिहून थांबलात तर पुन्हा पहिलीच चूक.

अ‍ॅड_फिल्टरमध्ये तिसऱ्या जागी येणारा प्राधान्याचा आकडाही समजून घ्या. न दिल्यास तो १० असतो, लहान आकडा आधी चालतो. ब्लॉक ९ वर, परिच्छेद पाडणारं डब्ल्यूपीऑटोपी १० वर, शॉर्टकोड (चौकटी कंसातला शब्द, ज्याच्या जागी तयार मजकूर येतो) ११ वर. ओळीत शॉर्टकोड असेल आणि तुम्ही २० दिलं, तर चौकटी कंस तसेच छापून येतील. परिच्छेदासाठी डब्ल्यूपीऑटोपीवर विसंबू नका, ब्लॉक असलेल्या लेखात ते चालवलंच जात नाही. पी टॅग स्वतः लिहा.

धंतोलीकर:
पुढे ‘द_टायटल’ला हात लावाल तर अ‍ॅड_फिल्टरमध्ये चौथ्या जागी (फंक्शनला किती गोष्टी हव्यात तो आकडा) २ द्या. तो फिल्टर शीर्षकासोबत लेखाचा क्रमांकही पाठवतो, पण न सांगितल्यास तुमच्या फंक्शनला एकच गोष्ट मिळते. फंक्शनने दोन मागितल्या की पीएचपी ७.१पासून थेट फेटल एरर. आणि मेन्यूतली नावंही त्याच फिल्टरमधून जातात, ते विसरू नका.