‘लोकर’ नेमके कशाला म्हणावे?

‘लोकर’ हा शब्द आपण मेंढीच्या अंगावरील तंतूंसाठी वापरतो, त्यांपासून कातलेल्या धाग्यासाठी वापरतो आणि विणकामाच्या कोणत्याही मऊ, जाडसर धाग्यासाठीही वापरतो, मग तो निव्वळ अ‍ॅक्रिलिकचा का असेना. हा शेवटचा अर्थ बोलण्यात इतका रुळला आहे की त्याला हरकत घेण्यात हशील नाही. लिहिताना मात्र भेद पाळावा असे मला वाटते, कारण दोन्हींचे गुणधर्म अगदी वेगळे आहेत. लोकर केराटिनची, म्हणजे आपल्या केसांत व नखांत असते त्याच प्रथिनाची बनलेली असते. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही आणि ज्योतीजवळ नेल्यास वितळते.

मेंढीखेरीज इतर प्राण्यांच्या तंतूंनाही लोकर म्हणण्यास हरकत नसावी. पश्मिना ही शेळीच्या अंगावरील राठ केसांखाली वाढणारी मऊ लव असते. अंगोरा या नावाने मात्र हटकून घोटाळा होतो: अंगोरा लोकर सशाची, तर अंगोरा जातीच्या शेळीपासून मिळते ते मोहेर.

संस्कृतातील ‘ऊर्णा’पासून हिंदीत ‘ऊन’ आले; कोळ्याला ‘ऊर्णनाभ’ म्हणतात त्यातही तीच ऊर्णा आहे. मराठीत ‘ऊन’ हा शब्द ‘उष्ण’पासून येऊन सूर्यप्रकाशासाठी स्थिरावला असल्याने ‘ऊनी कपडे’ ही हिंदी धाटणी आपल्याकडे विचित्र वाटते. ‘लोकरी कपडे’ हेच सरळ आहे.

क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यायला हवे. लोकर आधी कातरतात, मग धुऊन पिंजतात आणि त्यानंतर काततात. ‘कातरणे’ आणि ‘कातणे’ यांत एका अक्षराचा फरक असल्यामुळे ‘मेंढीची लोकर कातली’ असे वाक्य सर्रास छापले जाते, आणि ते वाचताना मेंढीच चरख्यावर बसवल्याचे चित्र उभे राहते. गंमत अशी की संस्कृतातही ‘कृत्’ हे धातू दोन आहेत, एक कापण्याचा आणि दुसरा कातण्याचा.

‘नमदा’, म्हणजे लोकरीचे तंतू ओले करून, चोळून-दाबून केलेले जाड कापड, हा शब्द आता मागे पडून त्याजागी ‘फेल्ट’ येऊ लागला आहे. नमदा विणलेला नसतो, त्यामुळे त्याला ‘लोकरी विणीचे कापड’ म्हणणे चूक आहे. लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यावर माशासारखे खवले दिसतात. ऊब, ओल आणि घर्षण एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू जवळ सरकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. गरम पाण्यात घुसळून धुतलेला स्वेटर आटतो, तोही याच कारणाने. सुती कापड आटते त्यामागचे कारण निराळे आहे, पण ‘आटणे’ हे क्रियापद दोहोंना चालते.

आता दोन वाक्प्रचारांविषयी. ‘भिजत घोंगडे ठेवणे’ म्हणजे प्रश्न निकाली न काढता लोंबकळत ठेवणे. घोंगड्याची जाड लोकर अंगच्या तेलकटपणामुळे वरचे थेंब काही वेळ झटकून टाकते, पण एकदा आत पाणी मुरले की ते फार जड होते आणि लवकर वाळत नाही. तिथे ‘भिजत चादर’ म्हटले असते तर अर्थ उभाच राहिला नसता.

‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ या म्हणीतील सुंभ मात्र काथ्याचा, म्हणजे वनस्पतिजन्य तंतूचा असतो, आणि जळाल्यावर त्याच्या राखेतही वळलेल्या दोरीचा आकार दिसतो. लोकरीचा धागा पेटवला तर तो आक्रसतो, केस जळाल्यासारखा वास येतो आणि मागे बोटाने चुरडता येईल अशी काळी गुठळी उरते. पीळ कुठेच सापडत नाही. त्यामुळे म्हणीत सुंभाऐवजी ‘दोरा’ किंवा ‘धागा’ घालणाऱ्यांनी तो कशाचा आहे हे आधी पाहावे.