नांदायला परत पाठवण्याआधी तिला कोणी विचारलं का?

अमळनेरची ताई: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली गल्लीतली लेक परत जायला तयार नव्हती. चार माणसं बसली, जावयाने माफी मागितली, संध्याकाळच्या गाडीने ती गेली. चहा मीच दिला होता. घोट गिळताना तिचा चेहरा आक्रसत होता, आवाज बसलेला, पदर गळ्याभोवती घट्ट. "सर्दी झालीय," म्हणाली. पुढे कोणी विचारलं नाही, मीही नाही.
नवऱ्याने गळा दाबला असेल तर पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि वळ दिसतीलच असं नाही. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकी नर्सबाईंनी १९८० च्या दशकात यासाठी प्रश्नावली केली: गळा दाबला का, मार वाढत चाललाय का, गरोदरपणी मारलं का, पाळत ठेवतो का. समेटाआधी हे तिला एकटीला विचारलंच पाहिजे.

चोपडेकर: ताई, संसार कागदावर मोजायचे का? बैठकीने आमच्या गावात कितीतरी घरं सावरली. परत न पाठवलेल्या पोरीला भाऊ-भावजय किती दिवस ठेवतात, तेही लिहा.

धुळ्याची वकील: दादा, सावरली हे पोरीने सांगितलं की सासऱ्याने? घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला सासरच्या घरात राहायचा हक्क दिलाय, कोर्ट नवऱ्यालाच बाहेर काढू शकतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे सुरक्षा योजनेचा नमुना असतो, तिला कशाची भीती वाटते ते त्यात लिहायचं असतं.

शिरपूरची आशा सेविका: प्रश्न हवेत, पण उत्तरांना गुण देणं नको. त्या यादीत बंदुकीचं विचारतात. आमच्याकडे कपाशीवर फवारायचं औषध पलंगाखाली असतं, विहीर चार पावलांवर. गुण कमी भरले की म्हणतील, धोका नाही, जा घरी. "तुले मारी टाकसू" हे बाईला रोजचंच वाटतं, ती सांगतसुद्धा नाही.

अमळनेरची ताई: पटलं. तिची भीती खरी धरायची, पण ती घाबरली नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. आणि दादा, ती घर सोडते त्या दिवसांतच धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून नुसतं "ठेवून घ्या" मीही म्हणत नाही.

चोपडेकर: एकटीला विचारा, मान्य. पण बैठक मोडू नका.

अमळनेरची ताई: बसा ना. फक्त आधी अर्धा तास ओट्यावर थांबा, आत आम्हा बायकांना तिच्याशी बोलू द्या. उद्या तिला फोन करतेय, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तोंडपाठ करून घेईन. कोणी शेजारी ऐकतंय वाटलं, तर बिबड्या-पापडांचं विचारून ठेवून देईन आणि परवा पुन्हा करेन.