केळीच्या धाग्याला कॉस्टिक लावल्यावर पीएलएची कुंडी ठिसूळ होते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं युनिट जळगाव जिल्ह्यात आहे. घड उतरवला की केळीचं खोड बांधावर कुजत पडतं. त्या खोडाचा यंत्रावर काढलेला धागा बारीक कापून आम्ही पीएलएमध्ये (वनस्पतींच्या साखरेपासून बनणाऱ्या जैव-प्लास्टिकमध्ये) मिसळतो आणि गरम प्रेसमध्ये रोपवाटिकेच्या कुंड्या दाबतो. तापमान १८० अंशांच्या आसपास, कारण २०० च्या पुढे धागा करपायला लागतो.

कोरा धागा घातला की कुंडी जिथे तुटते तिथून धागे अख्खेच्या अख्खे उपसून येतात, मागे गुळगुळीत भोकं राहतात. सेल्युलोज पाणी ओढणारा, त्यावर मेणाचा आणि पेक्टिनचा थर, आणि पीएलएला पाण्याचं वावडं. पकड बसणार कशी? म्हणून धागा ५ टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवून, धुऊन, वाळवून घेतला. आता तुटलेल्या कडेला धागेही पीएलएबरोबरच तुटलेले दिसतात, म्हणजे पकड आली. पण कुंडी तपकिरी पडते आणि बोटाने दाबलं तरी काठ तडकतो. कोऱ्या धाग्याची कुंडी इतकी ठिसूळ नव्हती.

शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा पीएच ७ येतो. मग अडतंय कुठे? सोडा कमी करू, की सिलेनकडे (धागा आणि प्लास्टिक एकमेकांना जोडणाऱ्या रसायनाकडे) वळू? सिलेन लावलं तर कुंडी कुजायला अडथळा येईल का? शेतकऱ्यांना आम्ही ती रोपासकट खड्ड्यात लावायला सांगणार आहोत, त्यामुळे हे नीट कळायलाच हवं.

प्रतिसाद:

नमस्कार. धुण्याच्या पाण्याच्या पीएचवर विसंबू नका. जुडीच्या आत सोडा अडकून राहतो. धुतलेला धागा स्वच्छ पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी त्या पाण्याचा पीएच बघा. ८-९ आला तर उरलेला सोडा प्रेसच्या उष्णतेत पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतोय असं धरा. पातळ अ‍ॅसिटिक आम्लाचा एक हात द्या, मग पुन्हा साधं पाणी.

ओलावाही तेच काम करतो. उन्हात वाळलेला धागा हवेतला दमटपणा पुन्हा पितो, म्हणून ८० अंशांच्या ओव्हनमधून काढला की थेट प्रेसकडे. पीएलएचे दाणेही वेगळे वाळवा. वितळवण्याआधी त्यातला ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५० भाग) खाली हवा.

धागाच कमजोर झालाय का, तेही तपासा. कोरा आणि प्रक्रिया केलेला एकेक धागा वजन टांगून ताणून बघा. प्रक्रिया केलेला फारच लवकर तुटला तर सोड्याचं प्रमाण किंवा भिजवण्याची वेळ कमी करा. हे सगळं झाल्यावरच सिलेन, तेही अल्प प्रमाणात, कॉस्टिकनंतर. पकड घट्ट झाली की पाणी आत कमी शिरतं, कुजणं थोडं मंदावतं, पण तुमची खरी अडचण ती नाही.

पीएलए नीट कुजायला साधारण ५८ अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. शेतातल्या खड्ड्यात ती उष्णता कुठून येणार? कुंडी वर्षानुवर्षं तशीच राहील आणि मुळं अडतील. रोपासकट पुरायचीच असेल तर मातीत कुजणारं पीएचए हे दुसरं जैव-प्लास्टिक वापरून बघा. नाहीतर कुंडी काढूनच रोप लावायला सांगा. शेतकऱ्याला हे आधी सांगितलंच पाहिजे.

धागा सोड्यात किती वेळ भिजवता आणि कुंडीत त्याचं प्रमाण किती, तेवढं लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.