चावी, टपालपेटी आणि तूप

वर्षा, बी-५०२: मंडळी, आमची सई मास्टर्ससाठी जर्मनीत स्टुटगार्टला निघालीय. व्हिसा झाला. २६ सप्टेंबरला शनिवारी दुपारी पोचते. बॅगा भरायला घेतल्यात. कुणाकडे सामानाची यादी असेल तर टाका ना. कुकर, तूप, जाड जॅकेट, काय काय द्यावं?

अनिकेत, सी-७०१ (सध्या जर्मनीत): काकू, बॅगेचं मागाहून बघू. खोलीचा करार कुठल्या तारखेपासून आहे?

वर्षा, बी-५०२: १ ऑक्टोबर. विद्यार्थी हॉस्टेल मिळालंय.

अनिकेत, सी-७०१: मग २६ ते १ ती राहणार कुठे? इथे करार बहुतेक महिन्याच्या १ तारखेला सुरू होतात, त्याआधी खोलीत शिरू देत नाहीत. चावी असते हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीच्या केअरटेकरकडे. तो आपल्या वॉचमनसारखा रात्रंदिवस गेटवर नसतो, कामाच्या दिवशी ठरलेल्या वेळातच भेटतो. त्याला आजच ईमेल करून चावीची वेळ लेखी घ्या. मधल्या पाच रात्रींची सोयही आत्ताच करा, कारण सप्टेंबरअखेर स्टुटगार्टात फोल्क्सफेस्ट नावाची मोठी जत्रा भरते आणि साध्या युथ हॉस्टेलचेही भाव चढतात.

आणखी एक. १ तारीख गुरुवारी येते, ३ ला राष्ट्रीय सुट्टी, ४ ला रविवार. दोन्ही दिवस दुकानं बंद. खोलीत पलंग-गादी असते, उशी-पांघरूण बहुतेक नसतं. म्हणजे चावी, अंथरूण, किराणा, सगळं गुरुवार-शुक्रवारात उरकायचं. एक पातळ रजई बॅगेत वरच ठेवा.

वर्षा, बी-५०२: बापरे, हे डोक्यातच नव्हतं. बुकिंग आजच करते.

अनिकेत, सी-७०१: खोलीत गेल्यावर पहिलं काम म्हणजे टपालपेटीवर आणि बेलवर नाव लावणं. हसू नका. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या, टॅक्स नंबर तिसऱ्या, विम्याचं कार्ड चौथ्या. सगळं टपालानेच. हॉस्टेल छापील पट्टी देईपर्यंत कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावायचं.

दुसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असते. त्याला पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाने 'ही व्यक्ती माझ्याकडे राहते' असं सही करून दिलेला कागद लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदम येतात, अपॉइंटमेंट मिळत नाही. ती पुण्यातूनच ऑनलाइन घेऊन टाका.

देशपांडे, ए-१०३: मी बँकेत परकीय चलन विभागात होतो, म्हणून पैशांपुरतं बोलतो. वर्षाताई, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरलेत ना? त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. पण पहिला हप्ता पोचल्या दिवशी हातात पडत नाही. तिथलं चालू खातं उघडून ते जोडावं लागतं, खात्यासाठी बऱ्याच बँका पत्त्याचा कागद मागतात, आणि तो कागद म्हणजे अनिकेत म्हणाला ती नोंदणी. तीन-चार आठवडे धरून चाला. दरम्यान पहिलं भाडं, डिपॉझिट, सेमिस्टर शुल्क सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. ती ९९२ मध्ये धरलेली नाही.

तर युरोचं फॉरेक्स कार्ड वेगळं भरून द्या. रोख ५००-७०० युरो पुरे, तेही ५, १०, २० च्या नोटांत. परदेशात मशीनने 'रुपयांत की युरोत' विचारलं तर युरोच दाबायचं. रुपये दाबले की दर त्या मशीनवाल्याचा लागतो.

कदम, सी-२०२: काका, आमचा ओंकार पुढच्या वर्षी जाणार. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे पाठवताना काय घोळ होतात?

देशपांडे, ए-१०३: नेहमीचे तीन.

पहिला घोळ चार्जेसचा. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेने पाठवलेले पैसे मधल्या एखाद्या बँकेतून जातात आणि ती आपला हात मारते. ११,९०४ पाठवले, ११,८८० पोचले, की खातं 'अपूर्ण' दाखवतं आणि व्हिसाला लागणारं पत्र अडकतं. मग २४ युरोंसाठी पुन्हा परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरा, पुन्हा चार्जेस द्या. फॉर्मवर चार्जेससमोर 'ओयूआर' निवडा, म्हणजे सगळे चार्जेस आपण भरतो. तरी पन्नासेक युरो जास्तच पाठवा. जास्तीचे बुडत नाहीत.

दुसरा, रेफरन्स नंबर. खातेदाराच्या नावासोबत तो नंबर स्विफ्ट संदेशात जायलाच हवा. काउंटरवरचा माणूस रिमार्क्सची ओळ रिकामी सोडतो. संदेशाची प्रत मागून तिथेच वाचा. पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातात त्याचा आकडा, शिक्षणाचा टाका, एस०३०५.

तिसरा, टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर. एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर कापतात. ११,९०४ युरो आजच्या दराने त्या रेषेपलीकडे जातात. काही रक्कम आईच्या खात्यातून, काही वडिलांच्या, असं केलं तर दोघंही रेषेखाली राहतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेले तर टीसीएस लागत नाही. कापला गेला तरी पैसे गेले असं नाही, रिटर्न भरताना जमा दिसतात. पण तोवर अडकून पडतात.

सेक्रेटरी: चर्चा उत्तम आहे, चालू द्या. फक्त आठवण: उद्या ११ ते ३ पाणी बंद, टाकी धुणार आहेत.

अनिकेत, सी-७०१: कदमकाका, ओंकारचं आत्ता करण्यासारखं काम एकच. नाव. पासपोर्ट आणि मार्कशीट शेजारी ठेवून बघा.

कदम, सी-२०२: मार्कशीटवर आडनाव आधी, मग त्याचं नाव, मग माझं. खाली आईचं नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर त्याचं नाव-आडनाव, मी नाही.

अनिकेत, सी-७०१: हेच. आपल्याकडे कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. बाहेरचा कारकून मात्र 'कदम' हे पहिलं नाव समजतो आणि तुमचं नाव हे आडनाव. ॲडमिशन एका नावाने, ब्लॉक्ड अकाउंट दुसऱ्या, विमा तिसऱ्या असं झालं की प्रत्येक ठिकाणी खुलासे देत बसा. नियम एवढाच: प्रत्येक ऑनलाइन फॉर्मवर पासपोर्टच्या शेवटच्या पानाचं नाही, फोटोच्या पानाचं नाव, त्याच क्रमाने. गिव्हन नेम आणि सरनेम जसं छापलंय तसं, तिकिटावरही. मार्कशीटमधला फरक 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' अशा इंग्रजी प्रतिज्ञापत्राने सांधायचा, नोटरी करून दोन-तीन मूळ प्रती ठेवायच्या. पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव घालायचंच असेल तर ते ॲडमिशनच्या अर्जाआधी. मधेच बदललं तर सगळी साखळी तुटते.

एपीएस प्रमाणपत्रही आत्ताच बघा. भारतीय पदव्यांची ती पडताळणी नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीची आहे, शुल्क १८,००० रुपये. शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. आणि व्हिसाच्या कागदांत हलगर्जी नको. पूर्वी नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज, नाहीतर थेट कोर्ट.

सुनंदा, ए-३०१: झालं का कागदांचं? वर्षा, तूप देऊ नकोस. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, चक्का, सगळं त्यात आलं. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली की तिथेच टाकून देतात. तिथे बिनमिठाचं लोणी मिळतं, ते कढवलं की झालं तूप. पोरीला कढवायला शिकव, बेरी करपू न देता. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नाही, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो.

वर्षा, बी-५०२: काकू, बेसनलाडू?

सुनंदा, ए-३०१: तुपातले आहेत. कस्टमच्या काउंटरवर वाद घालायची तयारी असेल तर दे. मी नसते दिले. त्यापेक्षा तिथे जे मिळत नाही ते दे. डाळ-तांदूळ-पोहे एशियन दुकानात मिळतात, त्यात किलो घालवू नकोस. गोडा मसाला अर्धा किलो, थालीपिठाची भाजणी एक किलो, मेतकूट पाव किलो, कुळथाचं पीठ, आमसूल. प्रत्येक पुडी दोनदा सीलबंद आणि वर इंग्रजीत नाव. पांढरट-पिवळ्या बिननावाच्या पिठाकडे कोणीही संशयानेच बघेल. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी चेक-इनमध्ये चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून. खोबऱ्याची चटणी करून दे. लोणचं चेक-इनमध्येच.

वर्षा, बी-५०२: आणि कुकर?

सुनंदा, ए-३०१: तीन लिटरचा, स्टीलचा. आपला रोजचा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. विकत घेताना फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात घालून जा आणि कुकरच्या बुडाला लावून बघ. घट्ट चिकटलं तर घे, घसरलं तर राहू दे. दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचा. तिथे तोच साइझ मिळेलच असं नाही.

अनिकेत, सी-७०१: फोडणीचं मी सांगतो. हॉस्टेलात स्मोक डिटेक्टर असतो. सुक्या मिरचीची फोडणी तडतडली की तो कोकलतो आणि अख्खा मजला जिन्यात येतो. खिडकी उघडी, तेल कमी तापलेलं, मिरची शेवटी.

विजेचा दाब इथेही २३० व्होल्टच आहे, ट्रान्सफॉर्मर नको. आपली बारीक दोन पिनांची चार्जर-पिन तशीच बसते. लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही, त्याला दोन अडॅप्टर द्या. घरचं एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्यातलाच एक अडॅप्टर, एवढ्यात खोली भागते. पॉवर बँक केबिन बॅगेतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, मर्यादा १०० ची आहे. जाड जॅकेट मात्र पुण्यात घेऊ नका. इथलं वारं अडवणारं इथेच घ्यावं. थर्मलचे दोन जोड आणि चांगले मोजे द्या.

डॉ. मेधा, बी-२०४: औषधं स्वतःच्या वापरापुरती, जास्तीत जास्त ३ महिन्यांची. मूळ वेष्टनात, सोबत इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, त्यावर ब्रँड नाही तर औषधाचं मूळ नाव. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि साधं पॅरासिटामॉलही किराणा दुकानात नाही, फार्मसीतच. कोडीनवालं खोकल्याचं सिरप देऊ नका. दातांचं काम इथेच उरका, चष्मे दोन करा.

अनिकेत, सी-७०१: औषधांवरून विमा आठवला. विद्यापीठात नाव नोंदवायला विम्याचं कागदी पत्र चालत नाही. विमा संस्थाच विद्यापीठाला 'एम-१०' नावाची डिजिटल नोंद पाठवते. सईला आज ईमेलने ती मागायला सांगा.

देशपांडे, ए-१०३: सईचं भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा, आधारचा प्रत्येक ओटीपी त्यावर येतो. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, परदेशातून ते चालू करायलाही ओटीपीच लागतो! कर्ज असेल तर तुमच्या नावे मुखत्यारपत्र ती इथे असतानाच करा.

वर्षा, बी-५०२: सगळ्यांचे आभार. युथ हॉस्टेलच्या पाच रात्री बुक झाल्या, हाउसमाइस्टरला ईमेल गेला. बॅगा २३-२३ किलोच्या दोन आहेत. वजनकाटा कुणाकडे आहे का, हुकवाला?

कदम, सी-२०२: आहे. ए-विंगच्या वॉचमनकडे ठेवतो. दोनशे ग्रॅम कमी दाखवतो, तेवढं धरून भरा.