संगीताचे सर गेले, मग तुमच्या शाळेत काय झालं?

दर्यापूर तालुक्यातली एक आई
आमच्या गावच्या शाळेत संगीताचे सर आठवड्यातून दोनदा यष्टीनं यायचे. उन्हाळ्यात त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत पक्की नोकरी लागली. चांगलंच झालं. पण पोरांना कुणी सांगितलंच नाही. आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी. पहिल्या दिवशी पोरं नवी वही घेऊन गेली, तर पेटी चादरीखाली आणि सरांची खुर्ची ऑफिसात. माझी मुलगी सातवीत आहे. भांडी घासताना, धुऱ्यावरून येताना गाणारी पोर आता तोंड उघडत नाही. 'होईल सवय' हे ऐकून झालं. तुमचे सर किंवा बाई गेल्या तेव्हा खरंच काय झालं, ते लिहा.

आर्वीकडचा, आता पुण्यात
गुरुजी ५८ पुरे करून निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. फजिती झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रार्थनेला सूर देणारं कुणीच नाही! गुरुजी पेटीवर काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, धरून ठेवायचे. मुख्याध्यापकांनी त्यांना जमेल तिथून सुरुवात केली; वरच्या ओळीपर्यंत अर्धी शाळा गप्प आणि अर्धी किंचाळत होती. आम्ही पोट धरून हसलो. मागे पाहिलं तर शिपाईकाका डोळे पुसत होते. इतकी वर्षं रोज सकाळी पेटी उचलून ओट्यावर आणायचं काम त्यांचं, आणि त्या दिवशी 'आणा' असं कुणी म्हटलंच नव्हतं.
आठवडाभरानं त्यांनी न विचारता आणून ठेवली. नववीतली एक मुलगी पुढं झाली. तिला वाजवता येत नव्हतं. एका हातानं भाता, दुसऱ्या हाताच्या बोटानं ती एकच काळी पट्टी. दोन वर्षं आमची प्रार्थना त्या एका पट्टीवर चालली.

दारव्हा तालुका
आमच्या सरची बदली झाली तवा गावकऱ्यांनी शाळेले कुलूप ठोकलं. चार दिवस. पाचव्या दिवशी सरचाच फोन आला सरपंचाले, "कुलूप काढा बाप्पा, पेटी अंदर हाये, उंदरं भाता कुरतडतीन." काढलं. सर काही वापस आले नाही. भाता वाचला.

चिमूर तालुका
आमचे तबल्याचे सर वारले. दिवसा शाळा, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम लागला की रात्री साथ. वडशाच्या नाटक मंडळींचे प्रयोग रात्रभर चालतात. सर सकाळी तसेच वर्गात यायचे, डोळ्यांत झोप आणि बोटांना पावडर. ऐन हंगामात मोटारसायकलवर गेले.
शाळेत शोकसभा झाली. भाषणांवर भाषणं. माझा धाकटा भाऊ त्यांचा लाडका. तो तबला घेऊन गेला होता. एका शिक्षकांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं, दुःखाच्या प्रसंगी वाजवणं बरं दिसत नाही. घरी येऊन त्यानं तबला धानाच्या ढोलीमागे टाकला. पावसाळ्यात शाईला बुरशी आली तरी हात लावला नाही.
मला त्या शिक्षकांचा राग अजून येतो. आमच्या भागात माणूस गेला की भजन मंडळ खंजिरी घेऊनच येतं. १९४२ साली चिमूर पेटलं त्यात तुकडोजी महाराजांच्या भजनांचा वाटा होता, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मौनही आम्हाला ठाऊक आहे: महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे स्तब्ध उभे राहतात. पण ते संपल्यावर पुन्हा खंजिरी वाजते की!
शेवटी महाराजांच्याच गुरुदेव सेवा मंडळाच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी भावाला संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बोलावलं. समजूत घातली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. "तबल्यावाला नाही आमच्याकडं, येजो," एवढंच. तो गेला. पहिल्या रात्री त्याचा ठेका सारखा पळत होता. सर असते तर मांडीवर थाप मारून आवरला असता. ते म्हातारे मात्र धापा टाकत त्याच्या मागं पळत गायले.

गोंदियाकडची
मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. आमचे सर सगळ्यांचे लाडके होते, माझे नव्हते. १५ ऑगस्टच्या समूहगीतात मला म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." तीन वर्षं हलवले. ते गेले तेव्हा सगळ्या मुली रडल्या, मीही रडले, आणि घरी येऊन मोरीत पाणी सोडून मोठ्यानं गायले. बेसूरच गायले. अजून गाते.

मी गेलेली बाई
दुसऱ्या बाजूनं लिहिते. मी मानधनावर होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तरच कलेचा अंशकालीन शिक्षक आहे. आमच्या गावातली माणसं पुण्याला, नागपूरला कामाला गेली, पट ९४ वर आला. मला शुक्रवारी कळलं, सोमवारी माझी गरज नव्हती. मुलींना काय सांगायचं ते सुचलं नाही म्हणून न सांगता निघाले. चुकलंच माझं. दर्यापूरच्या ताई, सरांना फोन करा. ते तुमच्या फोनची वाट बघत असतील. मी तर वर्षभर बघितली.

दर्यापूरची आई, पुन्हा
काल रात्री लावला फोन. मला वाटलं पोर रडेल. तिनं नमस्कार केला आणि थेट तक्रार सांगितली: "सर, पेटीची मधली एक पट्टी दबूनच रायते, वरच नाही येत." सर म्हणाले, "ओल धरली असन माय. मुख्याध्यापकाईले विचार, चादर काढ, अन् दोन घंटे कोरड्या जागी उघडी ठेव."
आज ती डबा न घेताच शाळेत गेली. आता मलाच डबा घेऊन जावं लागेल.