पात्यावरचे खड्डे घासून काढण्याआधी

भाऊ, तुम्ही म्हणता सुरीचं पातं पूर्ण घासून झालं, तरी मुठीजवळ दोन बारीक काळे खड्डे राहिले आणि ते काढायचे तर पातं पातळ होईल. मग राहू द्या. ठोकताना लोखंडावर चढलेला काळा पापुद्रा झटकला नाही, तर घणाखाली तो आतच दाबला जातो. हे खड्डे त्याचेच. पुढच्या वेळी प्रत्येक तावानंतर, म्हणजे लोखंड तापवून भट्टीतून काढलं की, तारेचा ब्रश मारा. मी नागपूरजवळच्या वाडीतून आणलेल्या ट्रकच्या जुन्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीच्या, सुऱ्या बनवतो, त्यात गंजाचे खड्डे आधीपासूनच असतात.

ओरखड्यांचं वेगळं. १२० च्या पॉलिश पेपरने आडवं घासलं, तर २२० ने उभं घासा (आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक). आधीची एकही रेघ दिसत असेल तर ४०० चा कागद हातात घेऊ नका. मला यातच सर्वात जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावाच.

पण पाणी पाजल्यावर, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक केल्यावर, धारेला केसासारखी चीर दिसली, तर ती सुरी कोणाच्याही हाती देऊ नका. ती वापरताना तुटू शकते. आणि हो, नागपूरच्या पावसाळ्यात घामाच्या बोटांचे ठसे रात्रीतून गंजतात, तेल लावूनच ठेवा.