मदत हवी आहे: काचबिंदूसाठी झोपेची तपासणी कशाला?

मृण्मयी_क: बाबांना काचबिंदू निघालाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदम विचारलं, "झोपेत श्वास अडकतो का?" आणि स्लीप स्टडी लिहून दिली. डोळ्यांचा झोपेशी काय संबंध? उद्या अपॉइंटमेंट घ्यायची की नाही, लवकर सांगा.

नानासाहेब: घाबरू नका. माझं ऑपरेशन झालं, लेन्स बसवली, आता चष्म्याशिवाय पेपर वाचतो.

सई: नाना, तो मोतीबिंदू. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मृण्मयी, डोळ्याचं प्रेशर किती? घोरतात का?

मृण्मयी_क: प्रेशर १६. घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मध्येच आवाज बंद होतो, मग आई त्यांना हलवून कुशीवर वळवते.

सई: अहो, हे आधी सांगायचं ना! १० ते २१ नॉर्मल धरतात. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदूत डोळ्याची नस खराब होतेय म्हटल्यावर डॉक्टर दुसरी कारणं शोधणारच. श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो, रात्रभर पुन्हा पुन्हा. डोळ्याच्या नसेला त्याचा फटका बसत असावा. अ‍ॅप्नियामुळेच (म्हणजे झोपेत श्वास अडकण्यामुळेच) काचबिंदू झाला असं सिद्ध नाही, पण दोन्ही एकत्र बरेचदा सापडतात. तपासणी कराच.

योगप्रेमी: मशीनच्या नादी लागू नका. रोज शीर्षासन करा, डोळ्यांना रक्त मिळतं.

सई: कृपा करून असले सल्ले देऊ नका! शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर दुपटीपर्यंत जातं. काचबिंदूवाल्यांना ते वर्ज्य आहे.

योगप्रेमी: मग अनुलोम-विलोम तरी करा.

विनय_ठाणे: मलाही अ‍ॅप्निया आहे, मी सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वास अडकू न देणारं मशीन) लावून झोपतो. सकाळचं डोकं दुखणं थांबलं. मास्क नाकाशी नीट बसवून घ्या, नाहीतर हवा वर डोळ्यांवर येते आणि डोळे कोरडे पडतात.

राजू: सीपॅपने डोळ्याचं प्रेशर वाढतं म्हणे. मग काय उपयोग?

सई: काही अभ्यासांत रात्री थोडं वाढलेलं दिसलंय. म्हणून मशीन टाळायचं नाही, सुरू केलं की डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवायचं. मृण्मयी, बीपीची गोळी आहे का? कधी घेतात?

मृण्मयी_क: आहे, झोपताना. त्याचा काय संबंध आता?

सई: झोपेत बीपी तसंही उतरतं. फार उतरलं तर नसेला रक्त कमी पडतं. गोळीची वेळ स्वतः बदलू नका, पण दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला.

नानासाहेब: लेन्स भारतीय घ्यावी की परदेशी?

मृण्मयी_क: नाना, प्लीज. विनय, तपासणी घरी होते का? बाबा हॉस्पिटलात झोपायला तयार नाहीत.

विनय_ठाणे: होते. बोटाला, नाकाला आणि छातीला सेन्सर लावून देतात. अपॉइंटमेंट घेतानाच तसं सांगा.